बेहचेतमध्ये पायाच्या शिरेत गुठळी: मग रक्त पातळ करायची गोळी दुय्यम कशी?

सड्यावरची

भावाबद्दल विचारायचंय. घरात सगळ्यांची डोकी चालेनाशी झालीत, म्हणून इथे लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

भाऊ २८ वर्षांचा. देवगड बंदराजवळ बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. १ जूनला मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढतात आणि ह्याच्याकडे कामाची रीघ लागते. ह्या वर्षी नेमकी त्याच दिवसांत डावी पोटरी दुखायला लागली. दिवसभर उकिडवं बसून काम, शीर आखडली असेल म्हणून तेल चोळलं. आठवडा जायच्या आत पाय मांडीपर्यंत सुजला, कातडी ताणून चकचकीत. आईच्या मनात हत्तीरोग. रात्रीचं रक्त तपासून घेतलं, त्यात काही नाही. मग शिरांची डॉप्लर सोनोग्राफी झाली. मांडीच्या मोठ्या शिरेत गुठळी. पोटात इंजेक्शनं दिली आणि पुढे वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी. सहा महिने घ्या, प्रश्न मिटेल असं सांगितलं.

मिटला नाही. गोळी चालू असतानाच उजव्या नडगीच्या आतल्या बाजूची शीर लाल, कडक झाली, हात लावू देईना. संध्याकाळी बारीक ताप. ओळखीतून गोव्यात एका संधिवाताच्या तज्ज्ञांकडे नेलं. सांधे दुखत नाहीत तर संधिवातवाल्याकडे कशाला, असं वडील वाटेत सारखं म्हणत होते. त्या डॉक्टरांनी पायाआधी तोंड बघितलं. तोंड तर ह्याला दहावीपासून येतं. आम्ही ते कायम उष्णतेवर ढकललं. सब्जा झाला, जेष्ठमध झाला, बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्या झाल्या, ‘मसाल्याचं कमी खा’ झालं. मग डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून त्याला एकट्याला काही विचारलं. बाहेर आला तेव्हा कानाच्या पाळ्या लाल. खाली नाजूक जागी जखमा होऊन बऱ्या व्हायच्या, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

निदान बेहचेत, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटते असा आजार. त्याच दिवशी छातीचा सीटी काढला. तोवर वॉरफरिन थांबवलं. सीटी स्वच्छ आला, तेव्हा ते पुन्हा सुरू केलं, पण म्हणाले, ‘ही गोळी जोडीला, काही महिने. मुख्य औषध स्टेरॉइड आणि ॲझाथायोप्रिन. ते चुकवायचं नाही.’

आता घरचा गोंधळ ऐका. ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबायची गोळी, तिच्या कागदावर किडनी बदललेल्यांचं काहीबाही लिहिलंय. मेडिकलमध्ये काम करणारा मावसभाऊ म्हणाला, ही तर कॅन्सरवाल्यांची गोळी. आई ‘ह्यो रोग आमच्या घरात खयसून इलो’ करत बसलीय आणि स्टेरॉइडची पट्टी तिने एकदा लपवूनही ठेवली होती. ज्यांनी आधी उपचार केले ते डॉक्टर म्हणतात, असले आजार आपल्याकडे नसतात, गुठळीवर गुठळीचंच औषध लागतं. मलाही ते पटतं, खोटं कशाला बोलू. गुठळी आहे, तर रक्त पातळ करणं हेच मुख्य नको का? प्रतिकारशक्ती दाबायची गोळी गुठळीवर कशी चालते?

आणखी एक. त्याचं लग्न ठरत आलंय. हे लागट आहे का?

नाचणी_सत्त्व

रक्त घट्ट झालंय, दुसरं काही नाही. आजकालच्या मुलांचं पाणी पिणं कमी. सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन कच्च्या पाकळ्या आणि जवसाची पूड सुरू करा, माझ्या नणंदेला फरक पडला. लसणाच्या कॅप्सूलही मिळतात. इतकी जड औषधं तरण्या मुलाला देऊ नका हो.

घळवाला

ताई, मी पावसचा. हापूसची बाग आहे. तुमच्या भावाच्या वयाचा असताना हाच आजार झाला, आता पन्नाशीला टेकलोय. म्हणजे पहिली गोष्ट ही की ह्याच्यासकट म्हातारं होता येतं. घरात आईला तेवढं आधी सांगा, बाकीचं नंतर.

नाचणीताई, राग मानू नका. लसूण चटणीत खाऊ दे, कोण नको म्हणतंय. पण वॉरफरिन चालू असलेल्या माणसाने लसणाच्या कॅप्सूल, काढे, चूर्णं आपल्या मनाने घेतली तर रक्त नको तितकं पातळ होतं आणि कुठून तरी वाहायला लागतं. आणि मुळात त्या मुलाचं रक्त घट्ट झालेलंच नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. साध्या गुठळीत, म्हणजे ऑपरेशननंतर पडून राहिल्याने किंवा पायाला प्लास्टर असल्याने होते त्यात, रक्त साकळायची प्रवृत्ती वाढलेली असते. तिथे पातळ करायची गोळी हाच इलाज. बेहचेतमध्ये शिरेची भिंतच आतून सुजते. अंगातल्या पांढऱ्या पेशी स्वतःच्याच शिरेवर तुटून पडतात आणि त्या सुजलेल्या भिंतीला गुठळी धरते. पोफळीच्या बागेत पाटाची कड आतून ढासळायला लागली की पाणी कितीही नितळ असो, तिथे गाळ धरणारच. कड बांधायची की पाणी पातळ करायचं? ॲझाथायोप्रिन कड बांधतं. गुठळी विरघळवणं हे त्याचं कामच नाही. पुढची होऊ द्यायची नाही, हे त्याचं काम.

हे मी पुस्तकात वाचून नाही सांगत. माझ्या डाव्या पायात गुठळी झाली तेव्हा बेहचेतचं नावही कुणी काढलं नव्हतं. वॉरफरिन सुरू झालं. आयएनआरसाठी (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) रत्नागिरीला फेऱ्या, आकडा २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा. मी तो ठेवला होता. वही आहे माझ्याकडे अजून: तारीख, आकडा, डोस, त्या आठवड्यात पालेभाजी किती खाल्ली तेसुद्धा. आणि आकडा बरोबर असतानाच उजवा पायही गुठळीने भरला. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, तू गोळ्या चुकवल्यास. वही पुढे केली तर बघितलीही नाही. मग रक्त साकळण्याच्या महागड्या तपासण्या झाल्या, प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिफॉस्फोलिपिड, काय काय. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की बिल जास्त टोचतं.

निदान केलं ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी. ऐन एप्रिलात, झाडावर आंबा तयार असताना, माझा डोळा लाल झाला आणि उजेड सोसवेना. घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन वर बघायचं म्हणजे डोळ्यांत खिळे. बाईंनी यंत्रातून बघितलं, बुबुळाच्या पुढे तळाशी पांढरी रेघ साचली होती. आणि त्यांनी विचारलं, ‘वारंवार तोंड येतं का? लाजू नका, खाली जखमा होतात का? पायाच्या शिरांचं काही?’ तीन प्रश्नांत काम झालं. इस्तंबूलच्या हुलुसी बेहचेत नावाच्या चर्मरोगतज्ज्ञाने १९३७ मध्ये तोंड, नाजूक जागा आणि डोळे ह्या तिघांना एका दोरीत बांधलं, म्हणून आजाराला त्याचं नाव, हेही बाईंनीच सांगितलं. तुर्कस्तानात हा सगळ्यात जास्त. तिथून इराण, चीन, कोरिया, जपान असा रेशमाच्या जुन्या व्यापारी वाटेने आढळतो म्हणतात. आपल्याकडे कमी, पण ‘आपल्याकडे नसतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा, पावसला एक आहे.

भावाला एक विचारून बघा. रक्त काढलं त्या जागी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुटकुळी येते का? मला अजून येते. आधी नुसता लाल ठिपका, मग त्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा पू, आणि सुई एकदम नवीकोरी. करवंदीच्या जाळीत काटा बोचला तरी तेच. डॉक्टर मुद्दाम हाताला निर्जंतुक सुई टोचून ४८ तासांनी बघतात, पॅथर्जी म्हणतात तिला. ती निघाली तर निदानाला जोर येतो. नाही निघाली म्हणजे आजार नाही, असं मात्र नाही.

आता छातीचा सीटी. तो त्याच दिवशी काढणाऱ्या डॉक्टरांना सोडू नका, इतकंच सांगतो. ह्या आजारात कधीकधी फुप्फुसाच्या धमनीला फुगा येतो. तो असताना रक्त पातळ केलं आणि फुगा फुटला तर माणूस खोकल्यातून रक्त टाकत टाकत जातो. मुंबईला ओपीडीच्या बाकावर मला एक तरणा मुलगा भेटला होता. रक्त पडतंय म्हणून गावात त्याला टीबीचं औषध सुरू केलेलं, पाय सुजला म्हणून दुसऱ्या कुणीतरी रक्त पातळ करायचं. सीटीत फुगा दिसला तेव्हा पातळ करायचं औषध त्याच दिवशी बंद करून स्टेरॉइडच्या मोठ्या सलाइन लावल्या. वाचला. आपल्याकडे थुंकीत रक्त म्हटलं की टीबीच आठवतो, आणि बहुतेक वेळा तो असतोही. पण बेहचेतवाल्याने दवाखान्यात शिरताशिरता ‘मला बेहचेत आहे’ हे पहिलं वाक्य बोलावं.

ॲझाथायोप्रिनची भीती मलाही वाटली होती. किडनी बदललेल्यांना ती देतात हे खरंच आहे. तिथेही शरीराने परक्या किडनीवर हल्ला करू नये म्हणूनच देतात. काम तेच. सुरुवातीला मळमळ होते, जेवणानंतर घेतली की सोसते. पहिले काही आठवडे रक्त वरचेवर तपासायला लावतात, पांढऱ्या पेशी आणि लिव्हर, तिथे टंगळमंगळ करायची नाही. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तोवरचा पूल म्हणजे स्टेरॉइड. म्हणून आईला सांगा, पट्टी लपवणं हा खेळ नाही. बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळून माणूस आडवा होऊ शकतो. ते पायरी पायरीने डॉक्टरच उतरवतात. तोंड सुजेल, भूक राक्षसासारखी लागेल, चिडचिड होईल. आमच्याकडे त्या दिवसांत माझ्यासमोर कुणी उभं राहत नसे, सोलकढी पातळ झाली म्हणून मी वाटी आपटली होती.

विडी-सिगरेट असेल तर सोडायला लावा. गंमत म्हणजे मी सोडली तेव्हा सुरुवातीला तोंड जास्तच आलं. डॉक्टर म्हणाले होतंच असं, तरी पुन्हा पेटवू नको, शिरांना ती विष आहे. तोंडासाठी कोल्चिसिन मिळालं, तेवढ्यावर भागलं.

लागट अजिबात नाही. त्या जागेच्या जखमा बघून कुणालाही शंका येते, मलाही एकाने एचआयव्हीची तपासणी करायला लावली होती. पण हा कुणाकडून कुणाला जात नाही. उष्ट्याने नाही, संबंधाने नाही.

खाडीपलीकडचा

मी ग्रामीण रुग्णालयात फिजिशियन आहे. भावाला तपासलेलं नाही, त्यामुळे उंटावरून शेळ्या हाकणार नाही. घळवाल्यांनी मूळ मुद्दा बरोबर सांगितलाय, एका ठिकाणी थोडं अडखळतो.

आधी पुरावा. फ्रान्समध्ये बेहचेतच्या ८०७ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या २९६ जणांना शिरेत गुठळ्या झाल्या होत्या, म्हणजे तिघांत एकाहून जास्त. प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं ज्यांना मिळाली त्यांच्यात पुन्हा गुठळी होण्याचा धोका जवळपास चौथाईवर आला. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: पायाच्या शिरेत ताजी गुठळी असेल तर स्टेरॉइड आणि जोडीला ॲझाथायोप्रिन, सायक्लोफॉस्फमाइड किंवा सायक्लोस्पोरिन. त्याने आवरलं नाही तर इन्फ्लिक्सिमॅबसारखी टीएनएफविरोधी (शरीरातल्या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणारी) इंजेक्शनं. रक्त पातळ करणारं औषध जोडता येतं, पण रक्तस्रावाचा धोका कमी असेल आणि फुप्फुसाच्या धमनीत फुगा नाही याची खात्री झालेली असेल तरच. तुमच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ह्याच क्रमाने पावलं टाकलीत.

अडखळतो ते इथे: रक्त पातळ करणं बिनकामाचं आहे असा अर्थ कुणी काढू नये. मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी झाली तर स्टेरॉइडच्या मोठ्या डोसबरोबर आम्ही ते काही काळ देतोच. आणि तुमच्या डॉक्टरांनी वॉरफरिन चालू ठेवलंय, तर ते ते सांगतील तोवर चालूच राहील. हा धागा वाचून कुणी बंद करू नका, कृपा करा.

आधीच्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. सुजलेला पाय आणि डॉप्लरमध्ये गुठळी दिसली तर मीही तेच सुरू केलं असतं. फरक पुढच्या पायरीवर पडतो. तरुण पुरुष, कुठलंही कारण नसताना गुठळी, उपचार चालू असताना दुसरीकडची शीर धरली, शिवाय ताप. इथे तोंड उघडून बघायचं सुचायला हवं. शिरांचा त्रास ह्या आजारात पुरुषांना बायकांपेक्षा बराच जास्त, आणि बहुधा आजाराच्या पहिल्या काही वर्षांतच होतो. त्यामुळे आत्ताची वर्षं महत्त्वाची, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून औषध सोडायची तर नाहीच नाही.

बेहचेतमधली गुठळी भिंतीला घट्ट चिकटून बसते. म्हणून ती सुटून फुप्फुसात जाण्याचं प्रमाण साध्या गुठळीपेक्षा कमी. चिकटून बसते म्हणूनच ती पूर्ण मोकळीही होत नाही, आणि पाय पुढे त्रास देत राहू शकतो.

कशाला घाबरायचं तेही सांगतो. खोकल्यातून रक्ताचा ठिपका जरी आला तरी त्याच रात्री हॉस्पिटल, सकाळची वाट नको. डोकं दिवसेंदिवस वाढतं दुखतंय, उलट्या, एकाचे दोन दिसतात: मेंदूच्या शिरांसाठी एमआर व्हेनोग्राफी लागते. पोट फुगतंय, उजव्या कुशीत दुखतंय, किंवा पोटाच्या कातडीवर शिरा उठून दिसायला लागल्या: यकृताच्या किंवा पोटातल्या मोठ्या शिरेत अडथळा असू शकतो. डोळा लाल किंवा धूसर झाला तर मेडिकलमधून थेंब आणून घालत बसू नका. ह्या आजारात दुर्लक्ष केलेल्या डोळ्याची दृष्टी जाते.

ॲझाथायोप्रिन सुरू करण्याआधी एनयूडीटी१५ ह्या जनुकाची तपासणी झाली का ते विचारा. आपल्या लोकांत काहींच्या त्या जनुकात असा फरक असतो की नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. तपासणी झाली नसेल तर डोस हळू वाढवायचा आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वरचेवर करायची. आणि युरिक ॲसिडसाठी कुणी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहून दिलं तर घेण्याआधी तोंडाने सांगा की ॲझाथायोप्रिन चालू आहे. ह्या जोडीने माणसं दगावली आहेत.

लग्नाचं. पुरुषाला ॲझाथायोप्रिन चालू असताना मूल होऊ द्यायला हरकत नसते. सायक्लोफॉस्फमाइडची वेळ आली तर मात्र आधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल बोला, कारण ते औषध बीज कायमचं कमी करू शकतं. एचएलए-बी५१ नावाच्या जनुकाशी आजाराचा संबंध आहे, पण ते जनुक असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही. मुलीकडच्यांना सांगायचं की नाही हा वैद्यकीय प्रश्न नाही. माझं मत विचाराल तर सांगावं, आणि भावाने स्वतः मुलीला सांगावं, मध्यस्थामार्फत नको.

सड्यावरची

डॉक्टर, घळवाले दादा, दोघांचंही लिहिलेलं जेवणानंतर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. वाटी आपटण्यावर ती हसली, बऱ्याच दिवसांनी. पट्ट्या आता माझ्या कपाटात आहेत. सुईच्या जागेवर पुटकुळी येते का विचारलं तर भाऊ म्हणतो, येते, पण त्याला वाटायचं सिस्टर हात धुवत नाहीत.

जनुकाच्या तपासणीचं उद्या फोन करून विचारते. आधीच्या डॉक्टरांना सीटीची आणि नवीन औषधांची कागदपत्रं नेऊन दाखवायचंही ठरवलंय, काही झालं तर पहिलं त्यांच्याकडेच धावावं लागणार.

दोन गोष्टी राहिल्या. सरी थांबल्या की हा शेतात उतरणार, आमचं अजून लावणीचं एक कुणगं (भाताचा तुकडा) बाकी आहे. चालेल का? आणि पायमोजे सांगितलेत, घट्टवाले. ह्या दमटात ते तासभर अंगावर राहत नाहीत, खाज सुटते, त्याने एक जोडी चिडून बोटीच्या खोलीत फेकून दिलीय. खरंच लागतात का ते?

खाडीपलीकडचा

चिखलात ह्या वर्षी नको. स्टेरॉइड आणि ॲझाथायोप्रिनवर असताना लेप्टो (चिखलापाण्यातून होणारा जंतूंचा ताप) अंगलट येऊ शकतो, आणि आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात तो असतोच. गावात आरोग्य खात्याकडून लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या वाटल्या तर त्या डॉक्सिसायक्लिनच्या असतात. त्याने वॉरफरिनचा जोर वाढू शकतो. घेऊ नये असं नाही, पण घेतली तर डॉक्टरांना कळवून आयएनआर बघून घ्या. ताप आला तर क्रोसिन घेऊन दोन दिवस वाट बघायची सवय बंद. त्याच दिवशी दाखवायचं. पायदुखीला डायक्लोफेनॅक, ब्रुफेन अजिबात नको, वॉरफरिनवर पोटात रक्तस्राव होतो. जिवंत जंतूंच्या लसीही ह्या औषधांवर टाळतात.

घळवाला

कुणगं दुसरं कुणी लावेल. माझ्या बागेतली फवारणी गेली कित्येक वर्षं गडीच करतात. सुरुवातीला मलाही कमीपणा वाटायचा, आता उलट बांधावर उभा राहून चुका काढायला मजा येते.

मोजे. मी आधी वापरले नाहीत आणि त्याचा माझ्या पायाशी किती संबंध ते देव जाणे, पण माझ्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी आता काळपट तपकिरी झालीय, कडक, आणि संध्याकाळी बोट दाबलं तर खळगा राहतो. एकदा तिथे साधं खरचटलं तर ते भरायला पावसाळा उलटला. उजव्या पायाला पहिल्यापासून मोजा घातला, तो पाय पुष्कळ बरा आहे. मोज्याने पुढची गुठळी थांबत नाही हे डॉक्टरही सांगतील. सूज आणि पाय जड होणं त्याने आटोक्यात राहतं.

खाज सुटते ती बहुतेक वेळा चुकीच्या मापाने आणि ओल्या पायाने. भावाने सूज असतानाच संध्याकाळी दुकानात जाऊन माप दिलं असेल. माप सकाळी, अंथरुणातून पाय खाली ठेवायच्या आधी घ्यायचं: घोट्याच्या वरचा सगळ्यात बारीक भाग, पोटरीचा सगळ्यात जाड भाग, आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंत उंची. किती दाबाचा घ्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून आणा. मांडीपर्यंतचा कुणी सुचवला तर गुडघ्याखालचा चालेल का विचारा, आपल्या हवेत मांडीवरचा घसरून वळकटी होते आणि ती वळकटीच पाय आवळते. मोजा आधी टाचेपर्यंत उलटा करायचा, पाय आत घालून टाच नीट बसवायची, मग वर सरकवायचा. खोबरेल लावून लगेच घालायचा नाही, तेल रात्री, मोजा काढल्यावर. आणि दोन जोड्या लागतात. पावसात एक दिवसात वाळत नाही, ओलसर घातला की खाज आलीच. मी चुलीच्या वर दोरीवर टाकतो, पण फार जवळ नाही, ताण जातो त्यातला.

वर्कशॉपमध्ये उकिडवं बसणं बंद. एक उंच स्टूल घ्यायला सांगा आणि इंजिन लाकडी ठोकळ्यांवर चढवून काम करायचं. मधेमधे उठून पोटऱ्या हलवायच्या. गोव्याला जाताना गाडी सावंतवाडीला थांबवून चार पावलं चालायचं. आणि फेकलेली जोडी शोधून ठेवा, स्वस्त नसतात त्या.